लस घेतल्यानंतर त्रास झाला तर: नोंद कशी करायची, काय लिहायचं, कुठे चुकतं

लस टोचून घरी आल्यावर बाळ निपचित पडलं, आजीच्या दंडाची सूज कोपराखाली उतरली, शाळेत एखाद्या मुलीला टोचताटोचताच भोवळ आली, की घरात पहिला वाद सुरू होतो तो 'हे लसीमुळेच ना?' असा. नोंद करायला या प्रश्नाचं उत्तर लागत नाही. जगभरातल्या लससुरक्षा यंत्रणा अशा प्रसंगाला 'लसीकरणानंतरची अनिष्ट घटना' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचं रोजच्या वापरातलं नाव एईएफआय. नावात 'नंतर' आहे, 'मुळे' नाही, आणि ते मुद्दाम आहे. कारण शोधायला वेगळी माणसं आणि वेगळी पद्धत असते. त्यांच्या हाती देण्याजोगी माहिती गोळा करणं एवढंच नोंदवणाऱ्याकडून अपेक्षित आहे.

त्या माहितीतल्या दोन गोष्टी एकदा निसटल्या की परत मिळणं अवघड असतं: त्रास नेमका किती वाजता सुरू झाला आणि लसीचा बॅच नंबर, म्हणजे एकाच वेळी तयार झालेल्या साठ्याला उत्पादकाने दिलेला क्रमांक, काय होता. वजन, जुने आजार, रुग्णालयातले रिपोर्ट हे आठवड्याभरानेही विचारून भरता येतं. म्हणून फॉर्म कुठे मिळतो हे शोधण्याआधी या दोन गोष्टी कागदावर उतरवा.

आधी उपचार

फॉर्म दोन तास उशिरा भरला तर चालतं, उपचाराचं तसं नाही. टोचल्यापासून काही मिनिटांत, क्वचित तासाभराने, अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, उलट्या थांबेनात किंवा माणूस ढासळायला लागला, तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणजे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी समजूनच धावपळ करायची. तिच्यावरचं पहिलं औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनालिन. अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट पाहणं हा त्याला पर्याय नाही. लस दिल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास बसवून ठेवतात ते याचसाठी, आणि नेमकी तीच वेळ लोक घाईत टाळतात.

भीतीने किंवा सुईच्या धसक्याने येणारी चक्कर वेगळी असते, पण फॉर्मवर दोन्हींची सरमिसळ फार होते. चक्कर येणारा माणूस टोचताना किंवा लगेच नंतर, कधी टोचण्याआधीच, पांढरा पडतो. अंग गार आणि घामेजलेलं असतं, नाडी मंद लागते आणि आडवं करून पाय वर धरले की काही मिनिटांत शुद्धीवर येतो. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये नाडी जलद आणि क्षीण असते, त्वचेवर बहुधा गांधी किंवा लाली दिसते आणि नुसतं आडवं करून भागत नाही. जवळ जो कोणी असेल त्याने नाडी, श्वास, त्वचेचा रंग आणि घड्याळातली वेळ एवढं जरी टिपलं तरी पुढे हा फरक करता येतो. 'रुग्ण कोसळला' एवढ्याच वाक्यावरून तो करता येत नाही.

काय नोंदवायचं आणि काय नाही

टोचलेल्या जागी दुखणं, थोडी सूज, एक-दोन दिवसांचा ताप, अंगदुखी, लहान मुलाची किरकिर हे बहुतेक लसींबाबत ठाऊक असलेले आणि आपोआप जाणारे त्रास आहेत. काही लसींचं वेळापत्रक मात्र वेगळं असतं आणि ते माहीत नसल्याने उगाच घाबरायला होतं. गोवराच्या लसीनंतरचा ताप किंवा पुरळ त्याच दिवशी येत नाही, साधारण पाच-सहा ते बारा दिवसांच्या दरम्यान येतो. बीसीजी ही क्षयाची लस टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, वाळतो आणि व्रण राहतो. तो तसाच यायला हवा असतो. असे त्रास एकेकटे नोंदवण्याची सक्ती बहुतेक ठिकाणी नसते, पण नोंदवले तर कोणी परत पाठवत नाही. नेहमीपेक्षा जास्त, लांबलेले किंवा विचित्र वाटले तर जरूर नोंदवा.

गंभीर घटनेची व्याख्या ठरलेली आहे: मृत्यू, जीव धोक्यात येणं, रुग्णालयात भरती करावं लागणं किंवा तिथला मुक्काम वाढणं, कायमचं किंवा मोठं अपंगत्व, आणि जन्मजात व्यंग. यातलं काहीही घडलं तर नोंद करायचीच, तीही ताबडतोब. इथे एक बारीक गोम आहे. 'तीव्र' आणि 'गंभीर' हे शब्द फॉर्मवर एका अर्थाचे नाहीत. ३९.५ अंश सेल्सिअसचा ताप तीव्र असतो, पण घरीच उतरला तर गंभीर ठरत नाही. उलट, सौम्य झटका येऊन बाळाला एक रात्र भरती ठेवलं तर ती नोंद गंभीर रकान्यात जाते. त्रास किती वाटला यापेक्षा त्याचा परिणाम काय झाला यावर हा रकाना ठरतो.

याखेरीज तीन प्रकार लोक हमखास सोडून देतात. पहिला म्हणजे एकाच सत्रात, एकाच गावात किंवा एकाच बॅचनंतर दोन किंवा अधिक जणांना सारखा त्रास होणं. प्रत्येक घटना किरकोळ असली तरी त्यांचा गट किरकोळ नसतो. दुसरा प्रकार चुकांचा: मुदत संपलेली लस, चुकीचं विद्रावक (लसीची पूड ज्यात विरघळवतात तो द्रव), चुकीची जागा, दुप्पट डोस, गरोदर असल्याचं माहीत नसताना दिलेली लस. कुणाला काही झालं नाही तरी यांची नोंद हवी, कारण तीच चूक उद्या पुन्हा होणार असते. तिसरा प्रकार उशिरा आलेल्या त्रासाचा. बीसीजीनंतर काखेतली गाठ काही महिन्यांनीही वाढू शकते. 'आता इतके दिवस झाले, कोण घेणार' असं मनाशी ठरवून गप्प बसू नका, उशिरा आलेली नोंदही घेतली जाते.

पहिल्या दिवसाची टिपणं

वही घ्या किंवा फोनवर स्वतःलाच संदेश पाठवा, म्हणजे त्यावर वेळेचा शिक्का आपोआप पडतो. पुढच्या गोष्टी त्यात हव्यात:

- लस दिल्याची तारीख आणि वेळ, ठिकाण, कोणत्या हातात किंवा मांडीत दिली, कितवा डोस
- त्या दिवशी दिलेल्या सगळ्या लसी, तोंडी थेंबांसकट
- प्रत्येक लसीचं नाव, उत्पादक, बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीख; पूड विरघळवून दिलेली लस असेल तर विद्रावकाचा बॅच नंबर वेगळा
- पहिलं लक्षण दिसल्याची तारीख आणि वेळ, ते संपल्याची वेळ
- वय, लिंग, वजन. तान्ह्या बाळाचं वय आठवड्यांत किंवा दिवसांत
- आधीचे आजार, अ‍ॅलर्जी, चालू औषधं, आधीच्या डोसनंतर काय झालं होतं, टोचण्याच्या दिवशी सर्दी-ताप होता का
- त्रासावर काय दिलं, किती वाजता, आणि आता स्थिती काय

लसीकरण कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. सूज किंवा पुरळ असेल तर शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून उजेडात फोटो घ्या आणि चार-सहा तासांनी पुन्हा घ्या. पुरळ डॉक्टरपर्यंत पोहोचेपर्यंत मावळलेलं असतं, हा नेहमीचा अनुभव. बाळाला झटके येत असतील तर एक माणूस बाळाजवळ राहू दे आणि दुसऱ्याने अर्धा मिनिट चित्रण करू दे. 'हातपाय थरथरत होते' हे ताप चढताना भरलेल्या हुडहुडीचंही वर्णन असू शकतं आणि फिटचंही. ते चित्रण पाहून डॉक्टरला दोन्ही वेगळे ओळखता येतात.

बॅच नंबर का अडतो

कार्डावर बॅच लिहिलेला नसतो किंवा लिहिलेला वाचता येत नाही, हे इतक्या वेळा होतं की टोचून घेताना व्हायलच्या, म्हणजे लसीच्या कुपीच्या, लेबलचा फोटो मागण्याची सवयच लावून घ्यावी. कोणी रागावत नाही. लेबलवर उत्पादन परवान्याचाही क्रमांक असतो आणि घाईत तोच बॅच म्हणून उतरवला जातो. बॅच बहुधा मुदतीच्या तारखेजवळ छापलेला असतो. शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस यांची गल्लत होते, म्हणून नक्कल करण्यापेक्षा फोटो जोडलेला बरा. एकाच कंपनीच्या दोन लसी एकाच दिवशी घेतल्या असतील तर कोणता बॅच कशाचा हे स्पष्ट लिहा.

बॅच मिळालाच नाही तर नोंद थांबवू नका. ठिकाण, तारीख आणि वेळ दिली की केंद्राच्या साठा नोंदवहीवरून त्या सत्रात कोणता बॅच वापरला हे शोधता येतं. रकान्यात 'माहीत नाही' लिहा, अंदाजाने भरू नका. चुकीचा बॅच रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट, कारण तो तपासाला भलत्याच गोदामाकडे नेतो.

तारखेच्या चुकाही अशाच गमतीच्या असतात. रात्री साडेबाराला ताप आला तर तो लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी आला. लोक मात्र झोपण्याआधीची तारीख टाकतात आणि कधीकधी ताप लसीच्या आधीच येऊन गेलेला दिसतो. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे फॉर्म कोणत्या देशात तयार झाला त्यावर ठरतं, म्हणून महिना अक्षरांत लिहा. आणि 'घटनेची तारीख' म्हणजे लक्षण सुरू झाल्याची तारीख. डॉक्टरकडे गेल्याची किंवा फॉर्म भरल्याची नव्हे.

घटना लिहायची कशी

फॉर्ममध्ये वर्णनासाठी मोकळी जागा असते. तिथे एक ओळ खरडून पुढे जाणाऱ्यांची संख्या मोठी, पण तपासणारे सगळ्यात आधी वाचतात ते हेच. एका घटनेची दोन वर्णनं शेजारी ठेवून पाहा.

'लसीची रिअ‍ॅक्शन आली. खूप ताप होता, बाळ बेशुद्ध पडलं. दवाखान्यात नेलं, आता बरं आहे.'

'मुलगी, वय १० आठवडे, वजन ४.८ किलो. सकाळी १०:४० ला डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंटचा दुसरा डोस, सोबत पोलिओ आणि रोटाव्हायरसचे तोंडी थेंब. दुपारी ३:१५ ला अचानक अंग सैल पडलं, ओठ फिके झाले, हाक मारल्यावर प्रतिसाद कमी. हातापायांना झटके नव्हते, डोळे फिरवले नाहीत. साधारण आठ मिनिटांनी रडू लागली. ३:४० ला काखेतलं तापमान ३८.२ अंश. ४:१० ला रुग्णालयात पोहोचलो, तपासणीत काही आढळलं नाही, २४ तास देखरेखीखाली ठेवून घरी सोडलं. पहिल्या डोसनंतर एक दिवस ताप होता, बाकी काही नाही. लस देण्याआधी तब्येत ठीक.'

पहिलं वर्णन वाचणारा ते 'बेशुद्धी' म्हणून नोंदवेल, कदाचित फिट समजेल. दुसऱ्यात अंग सैल पडणं, रंग फिका होणं आणि प्रतिसाद कमी होणं ही तिन्ही लक्षणं आहेत, तीही टोचल्यापासून ४८ तासांच्या आत. जाणकार वाचताक्षणी ओळखतो की हा पेंटाव्हॅलंटसारख्या, डांग्या खोकल्याचा घटक असलेल्या लसींनंतर कधीकधी दिसणारा, निदानाचं स्वतंत्र नाव असलेला आणि सहसा मागे काही न ठेवणारा प्रकार आहे. लिहिणाऱ्याला ते नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती. 'झटके नव्हते' हे तीन-चार शब्दांचं वाक्य त्यात मोलाचं ठरलं. काय झालं नाही हेही लिहायचं असतं.

निदान डॉक्टरने केलं असेल तर ते डॉक्टरच्या नावावर लिहा, स्वतःचा तर्क असेल तर तर्क म्हणून लिहा. उरलेल्या लक्षणांना मोजमाप जोडा. ताप म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त, फॅरनहाइटमध्ये १००.४. काखेत मोजला की तोंडात तेही लिहा. 'अंग तापलं होतं' हा ताप धरला जात नाही. बाळाचं रडणं सलग तीन तास किंवा त्याहून अधिक चाललं तर ते वेगळं नोंदवण्याजोगं ठरतं, म्हणून सुरू कधी झालं आणि थांबलं कधी ते हवं. जागेवरच्या सुजेचा व्यास सेंटिमीटरमध्ये लिहा आणि ती जवळच्या सांध्यापलीकडे गेली का ते सांगा. सांधा ओलांडणारी सूज किंवा तीन दिवसांपेक्षा जास्त टिकणारं दुखणं तीव्र धरतात. गळू झालं असेल तर त्यातून पू निघाला का आणि तो तपासणीला पाठवला का, हे दोन प्रश्न विचारले जाणारच. जगभरात ही मोजमापं एकसारखी असावीत म्हणून ब्रायटन कोलॅबोरेशन नावाच्या गटाने अनेक घटनांच्या व्याख्या बांधून दिल्या आहेत. पुरावा जितका ठोस, तितकी ती घटना खात्रीच्या वरच्या पायरीवर बसते.

नोंद कुठे द्यायची

सगळ्यात सोपी वाट म्हणजे जिथे लस घेतली ते केंद्र किंवा उपचार करणारा डॉक्टर. पण नोंदी हरवतात त्या याच दोघांच्या मधल्या फटीत. लस एकीकडे घेतलेली असते, भरती दुसरीकडे झालेली असते आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्याने कळवलं असेल. म्हणून दोघांनाही थेट विचारा, 'नोंद केली का, क्रमांक काय?' क्रमांक मिळाला नाही तर नोंद झालेली नाही असं धरून स्वतः करा. दुहेरी नोंद झाली तरी जन्मतारीख, लसीची तारीख आणि घटना जुळवून ती एकत्र केली जाते. एकही न झालेली नोंद कुणाला जुळवता येत नाही.

भारतात आरोग्य कर्मचाऱ्याने किंवा डॉक्टरने कळवलेली गंभीर घटना २४ तासांत जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यापर्यंत जायची असते. सामान्य माणसालाही औषध आणि लसींच्या दुष्परिणामांची नोंद करता येते. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनतर्फे चालणाऱ्या फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडियाचा नागरिकांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे आणि त्यांची मोफत हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे. अमेरिकेत १९९० पासून व्हेअर्स नावाची यंत्रणा आहे. तिथे कोणीही नोंद करू शकतं, आणि आरोग्यसेवकांना ठरावीक घटना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये, गरोदरपणात घेतल्याने बाळांत व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाच्या दुर्घटनेनंतर १९६४ मध्ये सुरू झालेली यलो कार्ड योजना लसींसाठीही चालते. देशोदेशींच्या नोंदी शेवटी स्वीडनमधल्या उप्सालाला, जागतिक आरोग्य संघटनेच्या व्हिजिबेस या साठ्यात जाऊन मिळतात.

यंत्रणा कोणतीही असो, नोंद ग्राह्य धरायला किमान चार गोष्टी लागतात: ओळखता येईल असा रुग्ण, ओळखता येईल असा नोंदवणारा, संशयित लस आणि घटना. रुग्णाची ओळख म्हणजे पूर्ण नावच हवं असं नाही, वय, लिंग किंवा आद्याक्षरं चालतात. पण निनावी तक्रार, 'आमच्या ओळखीत एकाला असं झालं', ही इथे टिकत नाही. तुम्हाला परत फोन करता आला नाही तर नोंद अर्धवट राहते, म्हणून चालू असलेला फोन नंबर द्या आणि अनोळखी क्रमांकाचा फोनही उचला.

नोंद म्हणजे दावा नाही. तिच्यामुळे भरपाई सुरू होत नाही आणि लस देणाऱ्यावर खटलाही होत नाही. अमेरिकेत भरपाईची योजना व्हेअर्सपासून पूर्ण वेगळी आहे आणि तिथे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. हे आधीच कळलेलं बरं, नाहीतर लोक नोंद करून वर्षभर भरपाईची वाट पाहत बसतात.

लस देणाऱ्यांसाठी

घटना कळली की पहिला हात व्हायलकडे जायला हवा. उघडलेल्या, अर्धवट वापरलेल्या आणि रिकाम्या व्हायल, विद्रावक, सिरिंज यातलं काही फेकू नका. व्हायलवर तारीख-वेळ टाकून त्या वेगळ्या पिशवीत, २ ते ८ अंशांत, वापरात येणार नाहीत अशा जागी ठेवा. खोलीच्या तापमानात राहिलेल्या नमुन्यावरून कारखान्यात काय झालं होतं हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. त्या सत्रात त्याच व्हायलमधून आणि त्याच बॅचमधून कोणाकोणाला लस मिळाली त्यांची यादी त्याच दिवशी करा आणि प्रत्येकाच्या घरी चौकशी करा. व्हायलवरच्या तापमानदर्शक चौकोनाचा रंग आणि फ्रीजच्या तापमानाची नोंद उतरवून ठेवा.

ही यादी का महत्त्वाची, हे गटाने घडलेल्या घटनांवरून कळतं. एकाच केंद्रावर एकाच दिवशी पुष्कळांना त्रास झाला आणि तोच बॅच दुसरीकडे सुखरूप आहे, तर बोट हाताळणीकडे जातं. वेगवेगळ्या केंद्रांवर एकाच बॅचनंतर त्रास दिसला तर लसीच्या दर्जाकडे. लस न घेतलेल्या मुलांनाही तेच होत असेल तर गावात दुसरा काही आजार आला आहे. शाळेत एकामागून एक मुली चक्कर येऊन पडतात, तपासण्यांत काही सापडत नाही, तेव्हा ती बहुधा तणावाची प्रतिक्रिया असते. तीही खरीच असते, नाटक नव्हे, आणि तीही नोंदवायची असते.

हाताळणीच्या चुका केवढ्या महाग पडतात पाहा. २०१४ मध्ये सीरियात इडलिब भागात गोवराची लस विद्रावकाऐवजी अ‍ॅट्रॅक्युरियम या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात कालवली गेली आणि १५ मुलं दगावली. २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये गोवराच्या मोहिमेत एकच सिरिंज चार दिवस वापरली गेली, लसही थंड ठेवली नव्हती, आणि १५ मुलांचा जंतुसंसर्गाने मृत्यू झाला. जुलै २०१८ मध्ये सामोआत दोन बाळं गेली, तिथेही गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीत चुकीचं, भूल देताना वापरलं जाणारं औषध मिसळलं होतं. लस निर्दोष होती. पण कारण कळेपर्यंत आणि लोकांचा विश्वास परत येईपर्यंत तिथलं लसीकरण खिळखिळं झालं आणि २०१९ च्या गोवराच्या साथीत ८३ जण मेले. म्हणूनच फ्रीजमध्ये लसीशेजारी दुसरं कुठलंही औषध ठेवायचं नाही, हा नियम आहे.

पालकांशी बोलताना 'याचा लसीशी काही संबंध नाही' हे वाक्य टाळा. ते तुम्हाला अजून माहीत नाही. 'नोंद केली आहे, तपास होईल, कळलं की सांगू' हे खरं आहे आणि पुरेसंही आहे. मग ते खरोखर सांगा.

मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनाचा विषय त्याच दिवशी, समजूत घालून काढावा लागतो. घरच्यांसाठी ते फार जड असतं आणि नकार मिळाला तर तो मान्यच करायचा. अशा वेळी घटनाक्रम घरच्यांकडून तपशीलवार विचारून लिहून घेतात.

पुढे काय होतं

गंभीर घटनेत तपासणारे घरी, केंद्रात आणि रुग्णालयात जाऊन कागद पाहतात. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती तयार ठेवा. मूळ कागद हातचे सोडू नका. मग तज्ज्ञांची समिती कार्यकारणभाव ठरवते. निकाल चार गटांत येतो: लस किंवा लसीकरणाशी सुसंगत संबंध, अनिश्चित, योगायोगाने त्याच वेळी आलेला दुसरा आजार, आणि माहिती अपुरी असल्याने वर्गीकरण अशक्य. पहिल्या गटातही कारण लसीचा घटक आहे, दर्जातला दोष आहे, हाताळणीतली चूक आहे की तणावाची प्रतिक्रिया, हे वेगळं सांगितलं जातं. चौथ्या गटात जाणारी प्रकरणं पाहिली की वेळ, बॅच आणि 'काय झालं नाही' यावर इतका भर का दिला ते कळेल. तब्येतीत पुढे बदल झाला, नवं निदान झालं किंवा रुग्ण पूर्ण बरा झाला, तर जुना क्रमांक देऊन पुरवणी माहिती कळवा. नवी नोंद उघडू नका.

समितीचा निकाल एका माणसाबद्दल असतो. नोंदींचं दुसरं काम ढिगाने पाहण्याचं आहे. अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये रोटाशील्ड या रोटाव्हायरसच्या लसीला परवाना मिळाला. त्याआधीच्या चाचण्यांत सुमारे दहा हजार मुलांपैकी पाच जणांमध्ये आतडं आतड्यात अडकण्याचा प्रकार दिसला होता, पण इतक्या लहान आकड्यावरून तो योगायोग नव्हे असं म्हणता येत नव्हतं. पुढच्या जुलैपर्यंत व्हेअर्सकडे अशा १५ नोंदी आल्या. फक्त १५. तेवढ्यावर लस देणं थांबवलं गेलं, स्वतंत्र अभ्यासांत धोका खरा ठरला, आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये उत्पादकाने लस मागे घेतली. त्या १५ पैकी प्रत्येक नोंदीमागे कुणीतरी 'बाळाच्या पोटात अचानक असं कसं झालं' या कोड्यावर न थांबता फॉर्म भरला होता.

याच साठ्याचा उलटा वापरही होतो. नोंदींची एकूण संख्या उचलून 'लसीने एवढी माणसं मारली' असं सांगितलं जातं. लाखो लोकांना लस दिली की त्यांतल्या काहींना पुढच्या आठवड्यात हृदयविकार, पक्षाघात, अपघात होणारच होते, आणि तेही नोंदवले जातात, कारण नियमच 'नंतर' घडलेलं सांगा असा आहे. नोंदींच्या आकड्याला किती जणांनी लस घेतली या संख्येने भागल्याशिवाय आणि लस न घेतलेल्यांत तेच किती घडतं हे ताडल्याशिवाय त्यातून धोका काढता येत नाही.

कार्डावर मात्र घटना तुम्हीच लिहून घ्या: तारीख, लस, काय झालं, नोंदीचा क्रमांक. आधीच्या डोसनंतर अ‍ॅनाफिलॅक्सिस झाली असेल तर तीच लस पुन्हा देत नाहीत. नुसता ताप, सूज, रडणं किंवा चक्कर यासाठी पुढचा डोस सहसा अडवत नाहीत, चक्कर येणाऱ्याला आडवं करून टोचतात. पुढच्या वेळी टोचणारा माणूस वेगळा असणार आहे आणि त्याला हे सगळं फक्त त्या कार्डावरूनच कळणार आहे.